उसनं विरजण

न्यू हॅल्डन, विस्कॉन्सिन. उणे एकवीस.
चीज-कारखान्याच्या पाठीमागे,
जिथे पाहुण्यांना कुणी नेत नाही, तिथे माझी नोकरी.
पुढच्या दाराने चेडर बाहेर पडतं,
मागच्या दाराने बाकी सगळं:
टाक्यांचं धुवण, सांडलेली हिरवट निवळी,
कॉस्टिक, मग ॲसिड, मग पुन्हा गरम पाणी,
आणि एक साय, जी कुणी पोळीला लावत नाही.

पाणी मी शुद्ध करत नाही.
करतात ते डोळ्यांना न दिसणारे.
हवा दिली, खायला दिलं, की कामाला लागतात.
भिंगाखाली त्यांतले काही
देठावर डोलणाऱ्या घंटांसारखे.
घंटा डोलत असल्या की मी डबा उघडून जेवते.

दर तासाला एक लिटरची बरणी भरायची,
अर्धा तास खिडकीत ठेवायची.
तपकिरी गाळ खाली बसतो,
वर निवळशंख पाणी.
हंसाला म्हणे हे एका चोचीत जमायचं.
आम्हाला चार टाक्या लागतात
आणि रात्रभर गुरगुरणारे दोन ब्लोअर.
पण हंसाला कुणी विचारलं नाही,
दूध पिऊन झाल्यावर
उरलेलं पाणी तू कुठे सोडलंस?

मंगळवारी रात्री दोन दहाला
सायलो चारचा व्हॉल्व्ह कुणीतरी उघडा ठेवला.
कुणीतरी म्हणजे ट्रेंट. वय एकोणीस, नोकरीची तिसरी रात्र.
अहवालात मी 'कुणीतरी' असंच लिहिलं.
अकरा हजार गॅलन निवळी टाकीत शिरली.
बिचारे जेवणावळ समजून खात सुटले,
खाता खाता श्वास संपला.
ऑक्सिजन दोनावर, एकावर, शून्यावर,
आणि तिथेच.
फेस कठड्यावरून उतू गेला, उतता उतता गोठला.
वास आला, नासलेल्या दुधाचा नव्हे,
त्याच्याही पलीकडचा.
भिंगाखाली देठ होते. घंटा नव्हत्या.

बाहेर जायचा व्हॉल्व्ह मी हाताने फिरवला.
हातमोजा चाकाला चिकटला, तिथेच राहिला.
पलीकडे ओटर क्रीक, बर्फाखाली ट्राउट,
त्यांना यातलं काही कळता कामा नये.

मग फोन वर्लिन टेशला,
गावाच्या सांडपाणी केंद्रावर एकतीस वर्षं.
म्हटलं, तुमच्याकडचा जिवंत गाळ हवाय. टँकरभर.
"दोन आणतो," तो जांभईतून म्हणाला. "कॉफी ठेव."

मिरजेत आमच्या समोरच्या खोलीतल्या सुमतीबाई
दिवेलागणीनंतर विरजण देत नसत.
लक्ष्मी जाते म्हणायच्या.
त्या तरी चमचाभरासाठी म्हणायच्या.
इथे मिट्ट काळोखात वर्लिनने पाइप जोडला
आणि सबंध गावाच्या पोटातून आलेलं,
वाफाळतं, ओल्या मातीच्या वासाचं विरजण
धो धो आमच्या टाकीत ओतलं.
लक्ष्मीचं काय झालं ठाऊक नाही.
वर्लिनने कॉफीत तीन चमचे साखर घातली
आणि उजाडायच्या आत निघून गेला.

नऊ दिवस कारखाना अर्ध्यावर.
दुधाचे ट्रक दुसऱ्या गावाला वळवले.
मॅनेजर रोज विचारायचा, अजून किती?
मी बरणीकडे बोट दाखवायची.
बरणी गढूळ. बरणी गढूळ. बरणी जरा कमी गढूळ.
ट्रेंट न सांगता दर तासाला येऊन
तिच्यापुढे उभा राहायचा,
कुणाला तरी दवाखान्यात भेटायला आल्यासारखा.

दहाव्या दिवशी भिंगाखाली एक घंटा.
एकच. तीही जरा तिरकी.
मी ट्रेंटला हाक मारली.
त्याने डोळा लावला, बराच वेळ काढला नाही.
"हलतंय," म्हणाला.

वर्लिनची बादली इथेच राहिलीय,
कडेला मार्करने त्याचं नाव.
उसन्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं,
हे त्याला इंग्रजीत सांगता येईल एखाद्या वेळेस.
पण भरू काय?